संत माझ्या कोर्टात येत नाहीत

११ जून, सोमवार

आज माझ्या टकलावर अन्याय झाला, आणि त्याविरुद्ध दाद मागायला न्यायपीठ उपलब्ध नव्हतं. कारण न्यायपीठावर मीच बसलो होतो. कॅमेरामनची तक्रार अशी की माझ्या मस्तकावर दिव्यांचं प्रतिबिंब पडतं. म्हणून दर दोन खटल्यांमागे एक मुलगी भला मोठा पफ घेऊन येते आणि माझ्या डोक्यावर पावडर थापते. दुपारपर्यंत मी पिठात घोळवून तळायला काढलेल्या माशासारखा दिसत होतो. न्यायदात्याच्या शिराभोवती तेजोवलय असावं ही मानवजातीची पुरातन अपेक्षा आहे. मला ते निसर्गाने विनामूल्य बहाल केलं, तर ते पुसायला इथे पगारी माणूस ठेवलाय.

"जज, हलू नका," ती म्हणाली.

"मुली, या डोक्याने सव्वीस वर्षं वकिली केलीय."

"तरीच इतकं झिजलंय."

तिच्यावर कोर्टाच्या अवमानाची कारवाई करता येईल का, बघायला हवं.

असो. कार्यक्रमाच्या दुसऱ्या पर्वाचं चित्रीकरण आज अटलांटात सुरू झालं. आमचं कोर्ट विमानतळाजवळच्या एका गोदामात उभारलेलं आहे. भिंती अक्रोडाच्या दिसतात. टेकलं तर हलतात. प्रेक्षक रोजंदारीवर येतात. त्यांना च्युइंगगमची मनाई आणि हसण्याची मुभा. बेलिफ डेल्बर्ट तेवढा अस्सल, शेरिफच्या खात्यातून निवृत्त झालेला.

मी स्वतः अस्सल नाही. मी आयुष्यात कधी न्यायाधीश नव्हतो. माझ्या गावी, मेकनमध्ये, वकिली केली, एकदा काउंटीच्या न्यायाधीशपदाच्या निवडणुकीला उभा राहिलो आणि सपाटून पडलो. पराभवानंतर मी जे भाषण केलं ते कुणीतरी फोनवर टिपलं, लाखो लोक त्यावर हसले, आणि कार्यक्रमाची निर्माती डेना माझा पत्ता शोधत आली. मतदारांनी ज्याला न्यायाला अपात्र ठरवलं त्याला प्रेक्षकांनी पात्र ठरवलं. आता सगळं गाव मला जज म्हणतं. मी दुरुस्ती करत नाही.

कायद्याच्या भाषेत मी लवाद. दोन्ही पक्ष खऱ्या कोर्टातली फिर्याद मागे घेतात आणि टिलरी, म्हणजे मी, म्हणेन ते अखेरचं, असं लिहून देतात. निकालाची रक्कम हरणारा देत नाही, कार्यक्रम देतो. हरलेलाही फुकटच्या हॉटेलात राहून, दमडी न गमावता घरी जातो. इतकी निरुपद्रवी न्यायव्यवस्था पृथ्वीवर दुसरी नसेल. माझ्या बायकोला, वर्नाला, यात खोट दिसते. पण ती दातांच्या दवाखान्यात काम करते. खोट शोधण्याचाच तिला पगार मिळतो.

१२ जून, मंगळवार

आजचा दिवस माझा.

मिम्स विरुद्ध मिम्स, फोर्ट व्हॅलीचे. क्विंटन मिम्स, तिशीचा, आणि त्याची आत्या ओझेला मिम्स, साठीच्या पुढची, डोक्यावर जांभळी टोपी. घराण्याचा वार्षिक मेळावा व्हायचा होता. हॉलची अनामत म्हणून सगळ्यांनी आत्याकडे पैसे दिले. हॉल मिळाला नाही, पैसेही नाहीत.

"आँटीने खाल्ले, जज," क्विंटन म्हणाला. मग जरा थांबून, जास्त जोरात: "खाल्ले तिने!"

"मी हॉलवाल्याच्या हातात दिले," ओझेलाबाई म्हणाल्या. "हॉलिसच्या. तो पुढच्या आठवड्यात मेला हो."

"पावती?"

"शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. त्याच्याकडे पावती मागू?"

आणि मग मी पुढे झुकलो, चष्मा काढला (चष्मा काढणं महत्त्वाचं) आणि म्हणालो: "बाईसाहेब, पैसे देऊन पावती न घेणारी माणसं या जगात दोनच प्रकारची. संत आणि चोर. आणि संत माझ्या कोर्टात येत नाहीत."

काय हशा! तिसऱ्या रांगेतली एक बाई खुर्चीवरून घसरली. डेल्बर्टने शांतता राखायला सांगितलं ते दोनदा. निकाल क्विंटनच्या बाजूने. ओझेलाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या, मी अजून काहीतरी बोलायचा बाकी आहे अशा नजरेने. दोषी माणसं अशीच बघतात.

डेना काचेच्या खोलीतून धावत आली. "सोनं आहे हे, जज! सोनं! सुचतं कसं हो तुम्हाला ऐन वेळी?"

ऐन वेळी सुचलं नव्हतं, ते मी तिला सांगितलं नाही. फाइल काल संध्याकाळी हाती आली होती आणि वाक्य सकाळी हॉटेलात नाश्त्याची ग्रिट्स, म्हणजे मक्याची लापशी, ढवळताना सुचलं. दिवसभर ते खिशात ठेवून बसलो होतो. भीती एवढीच की ही म्हातारी पावती काढून दाखवते की काय.

१३ जून, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत डेल्बर्ट माझ्याशेजारी बसला. ताटातली कॉलर्डची पालेभाजी चिवडत राहिला, मग म्हणाला, "जज, कालची ती आँटी. आत यायच्या आधी मागच्या दाराशी ती त्याच्या टायची गाठ नीट करत होती."

"कुणाच्या?"

"भाच्याच्या. क्विंटनच्या."

"रक्ताचं नातं, डेल्बर्ट. फिर्यादीने थोडंच तुटतं!"

"तसंही असेल," तो म्हणाला आणि उठला. चांगला माणूस आहे, पण त्याला नाट्य कळत नाही.

१६ जून, शनिवार

मेकनला परत. मर्विनच्या दुकानात दाढी. ते वाक्य अजून कुठे दाखवलेलं नाही, पण मला राहवेना. खुर्चीत उठून बसलो, फेस गालावर तसाच, आणि पूर्ण प्रसंग करून दाखवला. सगळं दुकान हसून लोळलं. मर्विनचा वस्तरा हवेत.

"जजसाहेब, त्या बाईचं काय झालं पुढे?"

"काय होणार? घरी गेली. पैसे आम्हीच दिले."

"फुकटात चोर ठरली म्हणायची!" मर्विन म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले.

रात्रीच्या जेवणाला वर्नालाही सांगितलं. तिने पोर्क चॉप कापला, चावला, गिळला.

"खोटंच बोलायचं होतं तर पावती हरवली म्हणाली असती," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"घेतलीच नाही असं कोण सांगतं, अँब्रोज? चोर कशाला सांगेल?"

मी तिला समजावलं की पुराव्याचा कायदा हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. ती म्हणाली, भात संपव.

५ जुलै, गुरुवार

डेनाचा फोन. वाहिनी आणखी तीन पर्वांचा करार करायच्या बेतात आहे. सप्टेंबरातला पहिला भाग मिम्स प्रकरणाचा. वाक्याची वेगळी जाहिरात काढून ती आधीपासूनच दाखवणार. वर्नाला ही बातमी दिली तेव्हा ती काकडी चिरत होती. "छान," म्हणाली, आणि काकडी फारच बारीक चिरली.

९ ऑगस्ट, गुरुवार

जाहिरात सुरू झाली. अकरा सेकंद: ओझेलाबाईंचा चेहरा, माझा चष्मा, वाक्य, हशा. आज पेट्रोल पंपावर एक अनोळखी मुलगा ओरडला, "जज! मी संत की चोर?" मी म्हटलं, पावती दाखव. दोघंही खूश.

लोकांच्या तोंडी आपलं वाक्य बसणं म्हणजे काय, हे निवडणूक जिंकलेल्यांनाही कळायचं नाही.

१८ ऑगस्ट, शनिवार

चित्रीकरण नसतं तेव्हा मी अजून जुन्या ऑफिसात जाऊन बसतो. दारावरची पाटी वर्नाने काढू दिलेली नाही. सकाळी दार वाजलं. एक बाई, हातात झाकलेला पाउंड केक, डोक्यावर रविवारची टोपी.

मी ओळखलं नाही. हे लिहून ठेवायला हवं. आठवडाभर जो चेहरा दिवसातून दहा वेळा माझ्याच जाहिरातीत बघतोय, तो दारात उभा राहिला आणि मी विचारलं, "काय काम होतं?"

"मी ओझेला मिम्स. तुमच्या त्या दोन प्रकारांपैकी दुसरी."

"बसा, मिस ओझेला. तुम्हाला कल्पना असेलच की लवादाचा निकाल अखेरचा..."

"निकाल ठेवा तुमच्याकडे. मला निकालाचं काय करायचंय? तो शब्द परत घ्या."

"तुमचं आर्थिक नुकसान तर काहीच..."

"जज टिलरी, मी बोलू का? तिथेही तुम्ही बोलू दिलं नाहीत."

मी मान डोलावली. मग तिने जे सांगितलं ते आठवेल तसं लिहितो.

"क्विंटनने मला जन्मात कधी चोर म्हटलेलं नाही. त्याची आई गेल्यावर मीच वाढवलाय त्याला. हॉलिस मेला, त्याची मुलं म्हणाली आम्हाला काही ठाऊक नाही. घराण्याचे पैसे बुडाले. क्विंटन तुमचा कार्यक्रम बघतो. खाली पट्टी येते ना, भांडण असेल तर फोन करा? म्हणाला, आँटी, तिथे कुणाचंच जात नाही, टीव्हीवाले भरतात. आपण भांडू या."

"म्हणजे तुम्ही ठरवून आलात?"

"मला वाटलं सगळेच ठरवून येतात! ती कागदांवर सह्या घेणारी पोरगी, तीच त्याला म्हणाली, असं मिळमिळीत नको, 'खाल्ले' म्हणा, जोरात म्हणा. भिंतीला हात लावला तर भिंत हलली. माणसं हसायच्या बोलीवर बसवलेली. मला वाटलं तुम्हीही आमच्यातलेच. नाटकातले. तुम्हाला ठाऊक असणारच, ही म्हातारी काही चोर नाही. मी बघत होते तुमच्याकडे. म्हटलं, आता डोळा तरी मारतील."

मी चष्मा काढला. या वेळी तो नुसताच पुसला.

"आमच्या चर्चच्या मिशनरी सोसायटीच्या वर्गणीची पेटी माझ्याकडे असते," ती पुढे म्हणाली. "आधी आईकडे होती. मागच्या आठवड्यात बायका नवं कुलूप घेऊन आल्या. जुनं गंजलंय म्हणाल्या. कुणी काही बोललं नाही हो, सगळ्या गोड. फक्त नव्या कुलपाची किल्ली मला दिली नाही. पेटी माझ्याकडे, किल्ली त्यांच्याकडे. आणि अजून तर तुम्ही नुसती जाहिरातच दाखवलीय."

"पूर्ण भाग सप्टेंबरात आहे."

"मग मला चर्च बदलावं लागेल. या वयात कुठे जाऊ? बाप्तिस्मा झालाय तिथे माझा."

मी तिला समजावलं. वाद खरा आहे अशी सही दोघांनी केली आहे. मी खरं सांगितलं तर भाग बंद होईल, पण तिच्यावर आणि क्विंटनवर फसवणुकीचा दावा लागेल. क्विंटन काय करतो? प्राथमिक शाळेत शिकवतो. म्हणजे नोकरी गेली.

"मग तसं नका सांगू," ती म्हणाली.

"मग कसं सांगू?"

"ते तुम्ही बघा. वकील ना तुम्ही?"

तिने केक टेबलावर सरकवला आणि उठली. मी विचार करून तो केक सल्ल्याची फी म्हणून स्वीकारला आहे. म्हणजे ती माझी अशील झाली आणि तिने सांगितलेलं सगळं गुप्त. कायद्याच्या कुठल्याही परीक्षेत या उत्तराला शून्य मिळेल. केक उत्तम होता.

१९ ऑगस्ट, रविवार

वर्नाला केकची गोष्ट सांगितली, बाकीची नाही. तिने एक फोड खाल्ली आणि विचारलं, "हा केक चोराने केलाय की संताने?"

अशील म्हणाली ते गुप्त असतं, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "मी विचारलंय कुठे? मी जाहिरात बघते तेव्हा त्या बाईकडे बघते, तुझ्याकडे नाही. इतकंच."

२० ऑगस्ट, सोमवार

अटलांटा. डेनाच्या खोलीत तीन पडदे, तिन्हींवर मी.

"डेना, मिम्सचा भाग मागे ठेवता येईल?"

"मागे? जज, शर्ट छापून आलेत!" तिने एक उचलून दाखवला. छातीवर 'संत', पाठीवर 'चोर'. "तुमच्या मापाचा ठेवलाय एक."

"निदान ते वाक्य काढून?"

"वाक्य काढलं तर उरतं काय? दोन नातेवाईक आणि एक मेलेला हॉलवाला."

"त्या बाईचं गावात नाव खराब होतंय."

"कसलं खराब? तिच्या पर्समधून दमडी गेली नाही, जज. हे तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

मी सांगतो, खरं आहे. इतके दिवस ते वाक्य मला चांगलं वाटत होतं.

पुढे ती मायेने म्हणाली, "शुक्रवारी वाहिनीवाले करार घेऊन येतायत. तीन वर्षं. आत्ता हळवे होऊ नका."

परतताना पार्किंगमध्ये डेल्बर्ट भेटला. त्याने माझ्या गाडीचं दार उघडून धरलं, त्याचं ते काम नसताना.

२२ ऑगस्ट, बुधवार

सापडलं! जुनी पुस्तकं काढली, धूळ झटकली, शिंकलो, आणि सापडलं. पक्षकारांनी लबाडी केली तर निकाल रद्द होतो. पण लवादाने केली तरीही होतो. दोन्ही बाजू ऐकून घेण्याआधीच लवादाने मत बनवलं असेल, तर त्याचा निकाल कागदाच्या किमतीचाही राहत नाही. दोष सगळा त्याचा. पक्षकारांना कुणी हात लावू शकत नाही, कारण अन्याय त्यांच्यावर झालेला असतो.

तेव्हा मी स्वतःच्या विरुद्ध प्रतिज्ञापत्र लिहायला बसलो. 'मी, अँब्रोज टिलरी, सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की मिम्स प्रकरणी पक्षकार माझ्यासमोर उभे राहण्यापूर्वीच मी निर्णय मनाशी ठरवला होता व तो कोणत्या शब्दांत द्यायचा तेही ठरवून ठेवलं होतं. श्रीमती मिम्स यांचं म्हणणं मी निर्णयासाठी विचारात घेतलं नाही. त्यांच्या विश्वासार्हतेबद्दल मी जे उद्गार काढले त्यांना पुराव्याचा आधार नव्हता.' दोन पानं. एका बैठकीत झाली, खाडाखोडही नाही. इतकं अस्खलित खोटं मी अशिलासाठी यापूर्वी कधी रचलं नव्हतं.

वर्नाला वाचून दाखवलं. "थोडं रंगवावं लागलंय," मी म्हटलं.

"कुठे?" ती म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही. दिवा मालवून झोपून गेली.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

प्रतिज्ञापत्र काल पाठवलं. आज करार आला नाही, डेनाचा फोन आला. तिच्या बाजूला दोन वकील बसलेले ऐकू येत होते. वकिलांचं गप्प बसणं मला ओळखता येतं.

"हे काय करून ठेवलंत, जज?" डेना म्हणाली. "उद्या प्रत्येक हरलेला माणूस उठेल आणि म्हणेल, माझंही आधीच ठरलं होतं."

"मी एकाच प्रकरणाबद्दल लिहिलंय."

"पण असं कोण मानेल?"

एक वकील खाकरला आणि त्याने निर्णय वाचला. मिम्सचा भाग दाखवणार नाहीत. जाहिरात आजपासून बंद. क्विंटनला दिलेले पैसे परत मागणार नाहीत, कारण मागायचे तर कारण सांगावं लागेल. तीन वर्षांच्या कराराचा विषय स्थगित, म्हणजे संपला. आणि मी याबद्दल बाहेर एक अक्षरही बोलायचं नाही; बोललो तर ते मला खऱ्या कोर्टात खेचतील.

शेवटी डेना हळूच म्हणाली, "मला खरं सांगा, जज. तुम्ही त्या बाईसाठी हे रचलंत ना?"

मी म्हटलं, अर्थातच.

फोन ठेवल्यावर फोर्ट व्हॅलीला लावला. बातमी सांगितली.

"बंद झालं. बरं झालं," ओझेला म्हणाली. "पण जाहिरात सगळ्यांनी पाहिलीय, जज. ती दिसायची थांबली म्हणून कुलूप थोडंच बदलणार आहे? शब्द आहे तिथेच आहे."

"मला बाहेर बोलायला मनाई आहे, मिस ओझेला."

"चर्च म्हणजे बाहेर का?" तिने विचारलं.

२६ ऑगस्ट, रविवार

सकाळी वर्नाला म्हटलं, मी फोर्ट व्हॅलीला जातोय, कदाचित माझ्यावर खटला होईल. तिने कानातले घातले आणि गाडीत येऊन बसली.

लहान चर्च, पांढरं, पीचच्या बागांना लागून. पंखे फिरत होते तरी बायका पुठ्ठ्याच्या पंख्यांनी वारा घेत होत्या. मी आत शिरलो तशी कुजबुज झाली, आणि मागच्या बाकावर कुणीतरी दबक्या आवाजात ते वाक्य म्हटलं. ओझेला पहिल्या बाकावर, क्विंटन तिच्या शेजारी, मान खाली. आठवड्याच्या घोषणा झाल्यावर पाद्रीबुवांनी, ओझेलाने आधी सांगून ठेवल्याप्रमाणे, मला बोलावलं.

मी प्रतिज्ञापत्र वाचू लागलो. "पक्षकार माझ्यासमोर उभे राहण्यापूर्वीच..."

"सांगा, जज," डावीकडून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "सावकाश सांगा."

"...निर्णय मनाशी ठरवला होता."

"हं!" सगळा बायकांचा बाक एकदम.

दुसऱ्या पानापर्यंत आलो आणि अडलो. वाचता येईना. ओळ समोर होती, 'म्हणणं विचारात घेतलं नाही', आणि मी ती ओळ कधी, कोणत्या हुशारीने रचली ते आठवू लागलो. तर हुशारी कुठेच सापडेना. या बाईला वाचवायला रचलेल्या दोन पानांत मी रचलेला एकही शब्द नव्हता. जूनमध्ये जे घडलं ते मी फक्त उतरवलं होतं. वर्नाला बुधवारीच कळलं होतं.

मी कागद खाली ठेवला. म्हणालो, "मिस ओझेला चोर नाहीत. मी त्यांना चोर म्हटलं ते त्यांनी चोरी केली म्हणून नाही. मला ते वाक्य म्हणायचं होतं म्हणून."

चर्च गप्प. आणि ती शांतता मला सोसवेना. मी म्हटलं, "आणि माझ्या वाक्यात चूक होती. संत माझ्या कोर्टात आले होते. जज तेवढा आलेला नव्हता."

हसले सगळे. मनापासून हसले, टाळ्या पडल्या, आमेन झालं. आणि मला बरं वाटलं. फारच बरं वाटलं. ओझेला हसली नाही. ती तशीच बघत होती, जूनमध्ये बघत होती तशी.

नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. कुलूप आणणाऱ्या बायकांपैकी एकीने ओझेलाच्या ताटात आपल्या हाताने कोंबडी वाढली, आणि ओझेलाने ती खाल्ली. किल्लीबद्दल माझ्यासमोर कुणी काही बोललं नाही. क्विंटनने माझा हात धरला तो सोडेचना. ओझेला म्हणाली, "झालं. आता जेवा." मग ती माझ्या शेजारी बसून बराच वेळ बोलत राहिली, तिच्या मोठ्या भावाबद्दल, तो रेल्वेत होता, डेट्रॉइटला गेला होता, असं काहीतरी. मी मान डोलवत होतो. मला मध्येच एक कोटीही सुचली, ती मी गिळली, आणि त्याचं स्वतःलाच कौतुक वाटलं.

घरी येताना गाडीत वर्नाने विचारलं, "तो तिचा भाऊ आता कुठे असतो? आहे ना अजून?"

मला सांगता आलं नाही. आहे की गेला, तेही सांगता आलं नाही. ती माझ्या कानाशी बसून वीस मिनिटं बोलली होती.

करार गेला त्याचं मला फारसं वाटत नाही. दावा लावतील तर लावोत, वकील मिळेल. पाटी अजून दारावर आहे, सोमवारपासून ऑफिसात बसेन, माणसं येतील, आपापलं सांगतील. माझी काळजी तीच आहे. मला माणसांचं ऐकता येत नाही. कधीपासून, ते मला माहीत नाही.